सी ड्राइव्हमधली पत्रं

कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला येणारा मुलगा कुठल्याही गावातला असो, कामाला हात घालण्याआधी तो एक प्रश्न विचारतोच. "सीमधलं काही ठेवायचंय का? डीला मी हात लावत नाही." सी म्हणजे हार्ड डिस्कचा विंडोज असलेला भाग, तो पुसला जाणार असतो. आपण डेस्कटॉपवर नजर टाकतो, माय डॉक्युमेंट्स उघडून बघतो, दोन-चार फोल्डर डीमध्ये सरकवतो आणि म्हणतो, मार. फोटो डीमध्ये असतात, गाणी डीमध्ये असतात, मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट डीमध्ये असतात. ईमेलची पत्रं मात्र सीमध्ये असतात आणि तीही सहज दिसणार नाहीत अशा जागी. अ‍ॅपडेटा नावाचं लपवलेलं फोल्डर, त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमचं फोल्डर, त्यात प्रोफाइल्स, त्यात आठ अक्षर-आकड्यांची काहीच अर्थ न लागणारी जुळणी आणि पुढे डॉट डिफॉल्ट. इतकं आत गेल्यावर घरातला वीस वर्षांचा पत्रव्यवहार सापडतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली पत्रं त्या एका प्रश्नाच्या उत्तरात गेली. काय गेलं ते कळायलाही त्यांना पुष्कळ दिवस लागले, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. त्यापुढच्या ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या डेस्कटॉपमध्ये नाही. मशीन तसं ठणठणीत आहे. म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ठरवली. आधी ते आठ अक्षरांचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर, फायरफॉक्सच्या बुकमार्कची फाइल वेगळी काढली, आणि मगच जुनी विंडोज पुसली.

थंडरबर्ड पत्रं ठेवतं त्या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. युनिक्सच्या जगात ती सत्तरच्या दशकापासून चालत आलेली आहे. इनबॉक्स नावाची एकच लांबलचक फाइल, तिला एक्स्टेन्शनसुद्धा नाही, आणि तिच्यात सगळी पत्रं एकाखाली एक, साध्या मजकुरात. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'फ्रॉम'ने सुरू होणारी एक ओळ. एक पत्र संपून दुसरं कुठे सुरू झालं, हे त्या ओळीवरून कळतं. शेजारी त्याच नावाची डॉट एमएसएफ फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. ती नसली तरी बिघडत नाही, थंडरबर्ड नवी करून घेतं. त्यामुळे काम सोपं होतं. मिंटमध्ये थंडरबर्ड आधीपासूनच असतं. ते एकदा उघडलं, बंद केलं, होम फोल्डरमधल्या डॉट थंडरबर्ड या लपलेल्या फोल्डरात शिरून लोकल फोल्डर्समध्ये जुन्या फाइली ठेवल्या, अनुक्रमणिका मुद्दाम मागे ठेवल्या, आणि पुन्हा उघडलं. खालच्या पट्टीवर थोडा वेळ हालचाल दिसली आणि यादी भरली. सगळ्यात जुनं पत्र ऑगस्ट २००४चं. ताई पोचल्याचं.

ताई त्या महिन्यात शिकायला ओहायोला गेली. घरी तेव्हा डायल-अप होतं. मॉडेम फोनच्या तारेवर, त्यामुळे नेट चालू असेपर्यंत घरचा फोन लागत नसे आणि बिलाच्या पल्स पडत राहत. बाबा हॉलमधून विचारायचे, "झालं का?" म्हणून आम्ही नेट न जोडताच पत्र लिहायचो. आउटलुक एक्सप्रेस या विंडोजमधल्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण लिहून ठेवायचं, मग नेट जोडायचं, सेंड-रिसीव्ह दाबायचं, आमचं तिकडे गेलं आणि तिचं इकडे आलं की लगेच तोडायचं. नेटच्या जोडणीबरोबर मिळालेली मेलची पेटी इतकी लहान होती की पत्र घरी उतरलं की सर्व्हरवरून काढून टाकणं भागच असे. गूगलने १ एप्रिल २००४ला एक जीबीची पेटी जाहीर केली, त्याआधी हॉटमेलची मोफत पेटी दोन एमबीची असायची. जागा नव्हती आणि पैसे मिनिटाला मोजले जात होते, म्हणून पत्रं आमच्या घरी राहिली. पुढे ब्रॉडबँड आलं, ब्राउझरमध्येच मेल उघडायची सवय लागली, आणि त्या काळातलं आमचं बरंचसं लिहिणं या डेस्कटॉपवर कधी उतरलंच नाही. सोयी वाढल्या तसा घरातला साठा आटला, हे फाइलींचा आकार बघूनच कळतं.

आउटलुक एक्सप्रेस पत्रं डीबीएक्स फाइलींत ठेवायचं. त्या नोटपॅडमध्ये उघडल्या तर धड काही हाताला लागत नसे. २००६च्या सुमारास मी थंडरबर्डकडे वळले, तेव्हा आयात करताना ती सगळी एमबॉक्समध्ये आली. पुढच्या विंडोज व्हिस्टात आउटलुक एक्सप्रेस राहिलंच नाही. त्यानंतर घरात विंडोज ७ आली, १० आली, आणि त्याच फाइली जशाच्या तशा पुढे जात राहिल्या. साध्या मजकुराबद्दल मला मनापासून आदर आहे. ताईने पाठवलेला पहिल्या बर्फाचा फोटोसुद्धा त्या फाइलीत अक्षरांच्या रूपात आहे. तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून फोटो एक तृतीयांशाने फुगतो आणि शेकडो ओळी निरर्थक अक्षरांनी भरतात. पण त्या ओळी सलग राहिल्या तर एकवीस वर्षांनीही बर्फात उभी असलेली ताई दिसते. उसना कोट घातलेली, टोपी कानांच्या खाली ओढलेली.

त्या काळातल्या पत्रांत आईची भाषा आहे, आणि ती शोधणं हे एक वेगळंच काम निघालं. आईने स्वतः कधी टाइप केलं नाही. ती शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि सांगायची, मी रोमन लिपीत मराठी बडवायची. सुरुवात "चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद" अशीच झाली पाहिजे, हा तिचा आग्रह. आयुष्यभर आंतरदेशीय पत्रं लिहिलेली, त्यामुळे मध्येच थांबून विचारायची, "किती जागा उरलीय?" मी म्हणायचे, आई, याला जागा संपत नाही. तरी ती शेवटचं वाक्य घाईघाईत सांगायची, कडेच्या समासात बसवल्यासारखं. "बाकी सर्व क्षेम. तेल लावत जा डोक्याला." अशी पत्रं सेंट फोल्डरमध्ये माझ्या नावाखाली आहेत. आईच्या नावाने शोधलं तर एकही येत नाही. तिच्या तोंडचे शब्द घालून शोधावं, तर 'आहे' मी कधी एका 'ए'ने लिहिलंय, कधी दोन 'ए'ने, घाईत असले की नुसतं 'एच'ने. 'क्षेम'ची स्पेलिंगं तर दर पत्राला निराळी. शेवटी 'तेल' हा शब्द कामी आला. त्याची स्पेलिंगं करून करून करणार किती! त्या एका शब्दाने आईची बरीच पत्रं वर आली, आणि मधूनच उपवासाच्या वड्यांचीही.

सापडली ती मी आईला वाचून दाखवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे आणि ताईशी रोज व्हिडिओवर बोलते. जुनं ऐकून तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने चुका काढल्या. डाळिंब्यांच्या उसळीच्या पत्रात गूळ आधी घालायला सांगितलाय, ते ऐकून ती उसळलीच. "मी असं सांगणं शक्यच नाही. तू चुकीचं टाइप केलंस. गूळ आधी घातला तर वाल शिजतच नाहीत." मग, त्या पोरीने वर्षानुवर्षं तशीच उसळ केली असेल का, या काळजीने तिने ताईला तिच्या मध्यरात्री फोन लावायला लावला. दुसऱ्या एका पत्रात शेजारच्या काकूंचा निरोप होता, तो ऐकून मात्र ती थोडा वेळ गप्प बसली. त्या काकू आता नाहीत, आणि ओळीभर का होईना, त्यांचं बोलणं अजून कुठेतरी आहे हे आम्हा दोघींच्या ध्यानीमनी नव्हतं.

कागदी पत्रांच्या काळात आपण लिहिलेलं पत्र आपल्याकडे राहत नसे. ते ज्याला लिहिलं त्याच्या घरी, त्याच्या ट्रंकेत. आजीच्या पेटीत तिच्या भावाची पत्रं निघाली तेव्हा तिने त्याला काय लिहिलं असेल, याचा अंदाजच करावा लागला. सेंट फोल्डरने मला पहिल्यांदाच संभाषणाच्या दोन्ही बाजू दिल्या. तारखेप्रमाणे लावून वाचलं की प्रश्न, उत्तर, त्यावरचा राग, समजूत, सगळं ओळीने येतं. आणि म्हणूनच जिथे एक बाजू नाही, तिथली पोकळी जास्त जाणवते.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण, बदलापूर, डोंबिवलीचा सखल भाग, सगळीकडे पाणी. आमच्याकडे वीज गेली आणि फोन बंद पडला. त्या दिवसांतली ताईची पत्रं इनबॉक्समध्ये आहेत. पहिलं जरा लांबलचक, टीव्हीवर काय दाखवतायत ते सांगणारं. मग ती आखूड होत जातात. शेवटच्यात एकच ओळ आहे, विषयाच्या जागीही तीच: कुणीतरी उत्तर द्या. आमचं उत्तर फोल्डरमध्ये नाही. ते मी स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेतून, ब्राउझरमधून पाठवलं होतं. आमचा प्रोग्रॅम पीओपी३ने पत्रं उतरवायचा, आणि त्यात सर्व्हरवरची फक्त इनबॉक्स घरी येते, दुसरीकडून पाठवलेलं येत नाही. ते उत्तर ताईच्या विद्यापीठाच्या खात्यात पोचलं होतं, आणि शिक्षण संपल्यावर ते खातं बंद झालं. म्हणजे ताईने आम्हाला लिहिलेलं आता फक्त माझ्याकडे आहे, आणि आम्ही सगळे सुखरूप असल्याचं पत्र कुणाकडेच नाही. त्यात काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. आईला पक्कं आठवतं, पण आईला सगळंच पक्कं आठवतं.

देवनागरीतली पत्रं नंतरची. त्यातली काही परत आली ती बिघडून. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्यामागे चार शिंगांचं बारीक वर्तुळ, मग एखादं भलतंच चिन्ह, आणि पुन्हा तोच 'ए'. असं पानभर. घाबरायचं कारण नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, त्यातला पहिला कायम तोच असतो आणि दुसरा बहुतेक वेळा. प्रोग्रॅमने ते युरोपीय अक्षरं समजून वाचले की ही जोडी सारखी दिसत राहते. थंडरबर्डमध्ये एन्कोडिंग दुरुस्त करायची आज्ञा आहे, ती दिली की मराठी जागेवर येतं. शिवाजी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल जोडलेली असेल तर मात्र तो फॉन्ट शोधून टाकावा लागतो. तिथे मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, आणि कुठलं कुठे ते दर फॉन्टचं वेगळं.

बुकमार्क परत आणायला काहीच कष्ट पडले नाहीत. फाइल निवडली, सगळे आले. ब्राउझर बाहेर देतात त्या बुकमार्कच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव असतं, नेटस्केप जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी ती फाइल मजकूर म्हणून उघडून बघितली. प्रत्येक पत्त्यापुढे तो जपून ठेवल्याची वेळ असते, १ जानेवारी १९७०पासून मोजलेल्या सेकंदांत, दहा आकड्यांची संख्या. थोडा वेळ बघितलं की ऋतू ओळखता येतात. ११५ने सुरू होणारी संख्या म्हणजे २००६चा पावसाळा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत. त्या पावसाळ्यात मी गृहकर्जाचे हप्ते काढून देणारी पानं जपलीत, रेल्वेच्या आरक्षणाचं पान, मराठी टाइप करायची तीन-चार साधनं, आणि एकाएकी, दोन दिवसांच्या आत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांबद्दलची पानंच पानं. एकही पत्र न वाचता कळतं की त्या दोन दिवसांत घरात काय चाललं होतं.

पण बहुतेक पानं उघडत नाहीत. बुकमार्क म्हणजे नुसता पत्ता. पान दुसऱ्याच्या घरी असतं आणि ते घर कधी आवरलं गेलं, याची खबर आपल्याला कुणी देत नाही. जिओसिटीज हे मोफत वेबपानं करू देणारं संकेतस्थळ २६ ऑक्टोबर २००९ला बंद झालं. त्यावर हौशी मराठी माणसांनी हाताने केलेली पानं होती, कुणाची कुलवृत्तान्ताची, कुणाची आरत्यांची, कुणाची आपल्या गावाबद्दलची. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासून सांगितलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नव्हती. माझे पत्ते त्याहून जुने, त्यामुळे प्रमाण वाईटच असणार. जी उघडतात त्यांतही भलतंच निघतं. पाककृतींच्या जागी कुठल्याशा परदेशी भाषेत चपलांची जाहिरात.

मग एकेक पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये घालून बघायला लागले. ही संस्था १९९६पासून वेबपानं जपतेय आणि २००१पासून ती सगळ्यांना बघता येतात. काही पानं तिथे मिळाली, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी असलेली, पण मजकूर शाबूत. कोकणातल्या एका गावच्या जत्रेचं वर्णन मी २००७ मध्ये जपलं होतं, ते अख्खं मिळालं. आता सापडलं की मी बुकमार्क करत नाही. पान पूर्ण सेव्ह करते आणि पत्रांच्या शेजारी ठेवते. हे लिहिताना मला ठामपणे सांगावंसं वाटतं की तुमच्याकडे असं एखादं पान असेल, तर आजच उतरवून घ्या. उद्या त्या माणसाने होस्टिंगचे पैसे भरले नाहीत, तर त्याचं गाव जगाच्या नकाशावर राहील, पण त्याने लिहिलेलं राहणार नाही.

पत्रांच्या फाइलीत आणखी एक गोष्ट निघाली. थंडरबर्डमध्ये पत्र काढून टाकलं, ट्रॅशही रिकामा केला, तरी इनबॉक्सच्या फाइलीतून ते लगेच जात नाही. पत्राच्या वरच्या ओळींत एक चार आकडी नोंद असते. नुसत्या वाचलेल्या पत्राला तिथे ०००१ असतं. काढून टाकलं की त्याचं ०००९ होतं आणि पत्र यादीत दिसेनासं होतं. फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे काढलेली पत्रं फाइलीतून खरोखर पुसेपर्यंत, मजकूर तिथेच पडून राहतो. कॉम्पॅक्ट करायचं का, असं थंडरबर्ड अधूनमधून विचारायचं, आणि मी कायम नाही म्हणत आले होते. फाइल एडिटरमध्ये उघडून ०००९ शोधलं. बहुतेक जाहिराती होत्या. त्यांच्यामध्ये ताईचं एक पत्र होतं, २००६च्या सप्टेंबरातलं.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आम्ही ताईला कळवलं नव्हतं. परीक्षा जवळ आलीय, ती एकटी आहे, उगाच घोर लागेल, घरी आल्यावर सांगू. परदेशी गेलेल्यांना घरची आजारपणं उशिरा सांगायची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ती प्रेमातूनच येते. तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या रात्री तिने लिहिलेलं हे पत्र. तिने लिहिलंय की मी इथे राहते म्हणून या घरातली पाहुणी झाले का, सुखाचीच पत्रं वाचण्यापुरती? बाबांना काही झालं असतं तर मला कोणत्या तारखेला कळवणार होतात? रोमन लिपीत, एकही परिच्छेद न पाडता, आणि शेवटी नाव नाही. तेव्हा ते वाचवत नव्हतं म्हणून मी काढून टाकलं असणार. आज वाचताना वाटतं की दोन्ही बाजूंच्या सगळ्या पत्रांत हे सगळ्यात खरं पत्र आहे. त्यातलं एकही वाक्य अवास्तव नाही. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले, आणि त्या अकरा वर्षांत ताईपासून घरातलं काहीही लपवलं गेलं नाही, ते या पत्रामुळेच.

मी एडिटरमध्ये नवाचा एक केला, अनुक्रमणिका पुसली, थंडरबर्ड पुन्हा उघडलं. ते पत्र सप्टेंबरातल्या आपल्या जागी, दोन साध्या पत्रांच्या मध्ये येऊन बसलं.

ताईला तिची पत्रं हवी आहेत. मेलला जोडायला फाइल फार मोठी आहे आणि ऑनलाइन कुठे चढवायला मला नको वाटतं, म्हणून भाचा नाताळच्या सुट्टीत येईल त्याच्याकडे पेनड्राइव्ह देणार आहे. तुझीच पाठवू की आमचीही, असं विचारलं तर म्हणाली, दोन्ही पाठव, त्याशिवाय मला माझंच कळायचं नाही. त्या सप्टेंबरच्या पत्राबद्दलही फोनवर सांगितलं. तिला ते लिहिल्याचं आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. "आहे तसं दे," म्हणाली. "आणि उसळीच्या पत्राखाली आईची दुरुस्ती लिहून ठेव, गुळाची. मी खरंच आधी घालत होते."